काशीत सोडलेली साखर

राखीच्या केकचा वास चंद्रभागाबाईंनी चार वर्षं घेतला होता. चव मात्र एकदाही घेतली नव्हती.

कोंढ्याच्या त्या घरात ओव्हन ठेवला होता धान साठवायच्या ढोलीशेजारी, कारण जाड पिनचा प्लग तेवढा तिथंच होता. केक फुगायला लागला की त्याचा वास धानाच्या कोरड्या वासात मिसळायचा आणि हळूहळू ओसरीपर्यंत जायचा. ओसरीवर राखीच्या सासूबाई, चंद्रभागाबाई, सुपात काहीतरी पाखडत बसलेल्या असायच्या. त्यांचा हात थांबायचा. नाक किंचित वर व्हायचं.

"झाला. काढ."

राखी ओव्हन उघडून सुई टोचायची. सुई कोरडी निघायची. ओव्हनच्या घंटीला अजून दोन मिनिटं असायची, पण चंद्रभागाबाई चुकायच्या नाहीत.

राखी दिघोरीची. लग्न होऊन कोंढ्यात आली तेव्हा तिला केक म्हणजे पेठेच्या काचेमागची वस्तू एवढंच माहीत होतं. मग फोनवर बघून बघून तिने कुकरमध्ये वाळू घालून पहिला केक भाजला. तो एका बाजूने करपला आणि दुसऱ्या बाजूने पिठूळ राहिला, तरी नवऱ्याने, धनंजयने, तो उभ्या उभ्या संपवला. पुढे तिने भंडाऱ्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. आता वाढदिवस, बारसं, मास्तरांचा निरोप, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन, असं काहीही असलं की लोक राखीकडे येत. केक घेऊन जात आणि दुसऱ्या दिवशी सांगत, "मस्त होता."

त्या एका शब्दाचा राखीला कंटाळा आला होता. चांगला झाला तरी मस्त, बसला तरी मस्त. केक ही लोकांच्या लेखी मेणबत्ती लावायची जागा होती. तो अन्न आहे की नाही, हे सांगणारं माणूस तिच्या घरातच बसलेलं होतं, आणि ते फक्त वास घेत होतं.

कारण चंद्रभागाबाईंच्या जिभेला आसपासच्या चार गावांत मान होता. लग्नात स्वयंपाक आचारी करत, पण बुंदीचा पाक झाला की नाही हे चंद्रभागाबाईंना विचारल्याशिवाय कढई उतरत नसे. त्या पाकाचा थेंब दोन बोटांत धरत, बोटं अलग करत, तार बघत आणि म्हणत, "अजून." किंवा, "बस." बोटं जिभेला न लावता पदराला पुसत. बारा वर्षांपूर्वी त्या काशीला गेल्या होत्या आणि तिथं साखर सोडून आल्या होत्या.

काशीला गेलं की एक खायची वस्तू कायमची सोडून यायची, ही रीत राखीच्या माहेरीही होती. पण आईंनी साखर सोडली म्हणजे नेमकं काय काय सोडलं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. यंदा दिवाळी आटोपल्यावर, ऑर्डरी जरा थांबल्यावर, तिने ठरवलं: आईंना चालेल असा एक केक करायचा. त्यांनी तो खायचा आणि खरं काय ते सांगायचं.

पहिल्यांदा तिने धनंजयला विचारलं.

"पांढरी साखर सोडली तिनं," तो म्हणाला. "गुळाचा चहा पिते ना रोज. तुले दिसत नाही का?"

मग भय्याजींना विचारलं. भय्याजी म्हणजे चंद्रभागाबाईंचे दीर, त्या यात्रेच्या बसमध्ये सोबत होते. ते शेजारच्याच घरात राहत आणि दुपारच्या चहाला न चुकता येत.

"गोड सोडलं वहिनीनं. सारंच गोड," ते ठामपणे म्हणाले.

"पण काकाजी, गूळ तर खातात त्या."

"मंग साखर सोडली असंल." भय्याजींनी कपातला चहा बशीत ओतला. "तुले सांगतो, घाटावर पंड्यानं एकेकाले विचारलं, क्या छोडोगे? मी म्हटलं कारलं. माह्या मागच्यानंही कारलं. पुऱ्या बसनं कारलीच सोडली. गंगामाय म्हणत असंल, एवढे कडू लोक आले कुठून!"

ओसरीवरून चंद्रभागाबाई म्हणाल्या, "मले काय माहीत? पंड्या म्हणे, जे आवडते ते सोडा. मले वाटलं सारेच तसं करून राहिले."

भय्याजी हसता हसता थांबले आणि बशीकडे बघू लागले. राखीने मग थेटच विचारलं.

"आई, खडीसाखर चालते?"

"प्रसादाची हातावर घेते, दुसऱ्याले देते."

"बत्तासा?"

"ते साखरच आहे वो."

"मध?"

"मध कशी साखर? ते माश्यांचं आहे."

"अन् ब्राऊन शुगर?"

चंद्रभागाबाईंनी सूप खाली ठेवलं. "ते काय असते?"

ते काय असतं हे राखीलाही नीट माहीत नव्हतं. म्हणून ती एसटीने भंडाऱ्याला गेली. प्रशिक्षणापासून ती सामान बाबुलालच्या दुकानातून आणायची. बाबुलालने काउंटरवर पुड्या मांडल्या: बारीक साखर, पिठीसाखर, बुरा, खांडसरी, ब्राऊन शुगर आणि नारळाच्या झाडापासून केलेली म्हणून एक, जिचा रंग ओल्या मातीसारखा होता.

"यातली साखर कोणती नाही?" सासूबाईंचा नेम सांगून राखीने विचारलं.

बाबुलाल तिच्याकडे बघत राहिला. "ताई, ये सब साखरच आहे."

"ब्राऊन?"

"पांढऱ्या साखरेलेच मळी लावते कंपनी. रंग येते, ओल येते. केक मऊ होते. बाकी काही नाही."

"खांडसरी?"

"कारखान्यात न जाता झालेली साखर."

"नारळाची तर नाही ना उसाची?"

"उसाची नाही, पण पुडीवर नाव पाहा ना, साखरच लिहिली आहे. अन् ताई, उसाचंच म्हणसान तं गूळही उसाचाच. ते तुमच्या आईले कसा चालते?"

राखी खांडसरीची पुडी आणि मधाची बाटली घेऊन परतली. एसटीत तिच्या मांडीवर ती पिशवी होती आणि डोक्यात एक गुंता. ऊस एकच. तो जरा आधी थांबवला की गूळ, जरा पुढे नेला की साखर. मग सोडायची रेघ नेमकी कुठे होती? घरी येऊन तिने हे सासूबाईंना विचारलं, तेव्हा त्यांना राग नाही आला, पण त्यांनी उत्तर फार पटकन दिलं.

"मी गंगेत उभं राहून उसाचं नाव नाही घेतलं."

म्हणजे रेघ उसात नव्हती. ती नावात होती, किंवा रंगात, किंवा त्या दिवशी घाटावर त्यांच्या मनात जी साखर होती तिच्यात. राखीने विचार सोडून दिला आणि ओव्हन लावला.

तिची कृती ठरलेली होती. मैदा, लोणी, साखर, सोडा आणि गावात बिनअंड्याचा लागतो म्हणून अंड्याच्या जागी डब्यातलं घट्ट दूध. आता फक्त साखरेच्या जागी दुसरं काही ठेवायचं होतं. एक काढायचं, एक घालायचं.

मधाचा केक वरून दहाव्या मिनिटाला तपकिरी झाला, विसाव्याला काळपट, आणि आतून सुई ओलीच निघत राहिली. मधाला ताव लवकर लागतो, हे तिला ओव्हनच्या काचेतून बघताना कळलं. कापल्यावर मधला भाग शिऱ्यासारखा थरथरला. तो भय्याजींनी चमच्याने खाल्ला आणि म्हणाले, "मस्त."

खांडसरी पुडीतून ताटलीत ओतली तेव्हा चंद्रभागाबाई उठून आल्या. चिमूटभर बोटांत घेऊन चोळली. "हे साखरच आहे. मळकी आहे एवढंच." त्यांनी बोटं पदराला पुसली. ती पुडी तशीच राहिली.

उरला गूळ. राखीने तो आधी किसून घातला. लोणी आणि साखर फेसताना जसा हलका, पांढरा फेस येतो तसा आलाच नाही. गुळाचे खडे लोण्यात चिखलातल्या खड्यांसारखे फिरत राहिले आणि भाजल्यावर केकमध्ये काळ्या डोळ्यांसारखे दिसू लागले. दुसऱ्यांदा तिने गूळ दुधात घालून विस्तवावर ठेवला. उकळी येताच दूध फाटलं. पातेल्यात पाणी वेगळं, चोथा वेगळा.

दारातून आवाज आला. "गुळाच्या चहात दूध केव्हा टाकते तू?"

"खाली उतरवल्यावर," राखी म्हणाली आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. रोज दोनदा करते तो चहा. ओव्हनसमोर उभी राहिली की मात्र तिला चुलीवरचं काही आठवत नसे, जणू ही दोन वेगळ्या बायकांची कामं होती.

त्या दिवसापासून चंद्रभागाबाई दारातून आत आल्या. पाटावर बसून सांगू लागल्या. हा गूळ नको, याला तार सुटते, हा चिक्कीचा. तो पिवळा नको, तो फार धुतलेला आहे. तो काळसर घे, पण चाखून. खारट लागला तर ठेवून दे. चाखायचं काम मात्र त्या स्वतः करत. गूळ थोड्या पाण्यात विस्तवावर विरघळवायचा, गाळायचा, पूर्ण थंड करायचा. गूळ ओल घेऊन येतो म्हणून बाकीचं पाणी कमी. गूळ जरा आंबट असतो म्हणून सोडा कसा वागेल सांगता येत नाही. एकदा चिमूट जास्त पडली आणि केक फुगून मधोमध विहिरीसारखा खचला. दोघी त्या खड्ड्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"पाय घसरंल कोणाचा," चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि राखीला आठवेना की सासूबाई याआधी तिच्याशी अशी गंमत कधी करून बोलल्या होत्या.

सहावा केक झाला. तांबूस, सरळ, वर बारीक एक भेग. ओव्हनची आच कमी ठेवली होती आणि घंटीआधी तीन मिनिटं ओसरीवरून आवाज आला होता, "काढ." निवल्यावर राखीने तुकडा ताटलीत घालून सासूबाईंसमोर ठेवला. स्वतः भिंतीला टेकली. धनंजय आणि भय्याजी उगाच दारात उभे होते.

चंद्रभागाबाईंनी तुकडा मोडला. कण बघितले. तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ त्यांचा जबडा सावकाश हलत राहिला.

"अजून आहे का?"

दुसरा तुकडाही त्यांनी संपवला. मग पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हे खाणं आहे वो, राखी. मले वाटलं नुसती फुंकर आहे."

संध्याकाळी शेजारच्या शकुनबाई आल्या तेव्हा चंद्रभागाबाई त्यांना सांगत होत्या, "गुळात एवढी गोडी असते, मले या वयात समजलं." राखी आत भांडी घासत होती. तिला वाटलं, आपल्याला आता आणखी काही नको.

दोन दिवसांनी तिने घट्ट दुधाचा रिकामा डबा घासायला घेतला. खसखस ठेवायला बरा पडेल म्हणून. पाण्यात भिजून वरचा कागद सुटला आणि तिच्या हातावर चिकटला. अशा डब्यांचे कागद तिने किती वेळा सोलून फेकले होते, पण आजवर वाचले नव्हते; कुणी दुधाच्या पिशवीवरही कधी वाचतं का? आज नळाला पाणी बारीक होतं म्हणून ती वाचत बसली. बारीक इंग्रजी अक्षरं. मिल्क. आणि त्याच्याच पाठोपाठ दुसरा शब्द, शुगर.

तिने पुन्हा वाचलं. प्रशिक्षणातल्या बाई म्हणाल्या होत्या, हे आटवलेलं दूध आहे. ते गोड लागायचं, हे खरं. पण दिघोरीला आई खवा करायची तेव्हा कढईच्या काठाची खरवडही गोडच लागायची. दूध आटलं की गोड होतं, यात विचारण्यासारखं काय होतं?

म्हणजे महिनाभर तिने साखरेचा एकेक दाणा निवडून बाहेर ठेवला, आणि डबा उघडून वाटीभर साखर परत आत ओतली. आणि ती आईंनी खाल्ली. दोन तुकडे.

नळ तसाच वाहत राहिला. आधी तिला वाटलं, ताबडतोब सांगावं. मग वाटलं, सांगून काय होणार, खाल्लेलं परत येणार आहे का? मग तिला इतर गोष्टी आठवू लागल्या. मागल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं होतं, लाल, चिकट. आई ते चमचा चमचा प्यायल्या होत्या. त्यात काय होतं? लग्नातली चिंचेची चटणी? शकुनबाईंच्या घरचं लोणचं? पावाची लादी? बारा वर्षांत किती वाटांनी आली असेल ती, कुणाला न सांगता. मग हा डबाच तेवढा दोषी कसा? की दोषी आहेच, कारण आता तिला माहीत झालं होतं?

धनंजयला सांगितलं तर तो म्हणाला, "नोको सांगू. तिले माहीत नाही तं तिले दोष नाही."

"अन् मले?"

तो चपला घालून बाहेर पडला.

भय्याजी म्हणाले, "पंड्यानं डब्याचं नाव घेतलं होतं का? नाही ना? मंग झालं." आणि थोडं थांबून, आवाज उतरवून, "मी तं कारल्याची भाजी खाल्ली एकदा. एका सोयऱ्याच्या घरी वाढली, नाही म्हणता आलं नाही. अन् सांगू का, चांगली लागली."

राखीला हसू आलं नाही. तिला भीती पापाची वाटत नव्हती; त्यातलं तिला फारसं कळत नव्हतं. तिची भीती साधी होती. सांगितलं तर आई तिच्या हातचं पुन्हा खाणार नाहीत. नाही सांगितलं तर रोज खातील, आणि "चांगला आहे" म्हणतील, आणि ते म्हणणं तिच्या काहीच कामाचं राहणार नाही.

दुपारी चंद्रभागाबाई लाखोळीची डाळ निवडत होत्या. राखीने तो डबा त्यांच्या सुपाशेजारी ठेवला आणि वाळलेला कागद त्यावर पसरला.

"काय लिहून आहे त्याच्यावर?"

"दूध."

"मंग?"

"साखर." राखीला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "मले माहीत नव्हतं, आई. मी केकात टाकत आली ते दूध समजून. तुम्ही खाल्ला त्याच्यातही होतं."

चंद्रभागाबाईंची बोटं डाळीत थांबली. अंगणात कुणाची तरी गाय येऊन उभी राहिली, तिला हाकलायलाही कुणी उठलं नाही.

"किती होती?"

"मोठी वाटीभर असंल. अख्ख्या केकात."

"मंग मले गोड काय लागलं?" त्यांनी विचारलं. "गूळ, का साखर?"

रडणं, रागावणं, गंगेचं नाव घेणं, यातल्या कशाकशाची राखीने तयारी केली होती. या प्रश्नाची नव्हती.

"मले नाही माहीत, आई."

"मलेही नाही समजलं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता, वाटेत गाव चुकलेल्या माणसासारखा. "बारा वर्षं झाली. मले वाटलं, आली तं ओळखीन."

त्या पुन्हा डाळ निवडू लागल्या. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. उपास त्या दर एकादशीला करतच, त्यामुळे हा उपास त्यातला की वेगळा, हे राखीला कळायला मार्ग नव्हता. देवापुढे त्या जरा जास्त बसल्या असं तिला वाटलं. पण ती स्वतःच त्यांच्याकडे जास्त वेळ बघत होती, म्हणूनही तसं वाटलं असेल.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर कढई होती. चंद्रभागाबाई घरचं दूध आटवत बसल्या होत्या. पळी फिरत होती, काठ खरवडला जात होता.

"डबा नोको," त्या वर न बघता म्हणाल्या. "हे घे अन् कर."

राखीने केला. मैदा, लोणी, गाळलेला गूळ, सोडा आणि कढईतलं बिनसाखरेचं आटलेलं दूध. मिश्रण सैल वाटलं, मग घट्ट वाटलं. सोड्याचा अंदाज लागेना, कारण डब्याच्या दुधाने जे काम मुकाट्याने केलं होतं त्यातलं किती साखरेचं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. केक अर्धवट फुगला. वरून तडकला. रंग पार काळपट, जणू भाकरीचा. ओसरीवरून या वेळी "काढ" आलं नाही. राखीने वळून बघितलं तर चंद्रभागाबाई ओव्हनसमोरच बसल्या होत्या, काचेजवळ नाक नेऊन.

"मले नाही समजून राहिलं," त्या म्हणाल्या. "तुले समजलं तं काढ."

राखीने अंदाजाने काढला.

ताटलीतला तुकडा जड होता. राखीने तो पुढे सरकवला तेव्हा तिचा हात जरा मागे राहिला. त्या घेतील की नाही, हे तिला शेवटच्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. चंद्रभागाबाईंनी घेतला. कण बघितले. खाल्ला. डोळे मिटले नाहीत; सरळ समोर बघत चावत राहिल्या.

"पहिला चांगला होता," त्या म्हणाल्या.

"हो," राखी म्हणाली.

"लोकायले तोच दे."

"अन् तुम्हाले?"

त्यांनी दुसरा घास तोडला. जिभेवर घोळवला. कपाळाला बारीक आठी पडली.

"सोडा जास्त आहे. जिभेले लागून राहिला. अन् गूळ पाच मिनिटं आधी उतरवायचा होता, करपट आला." मग तुकड्याच्या खालची बाजू नखाने खरवडून बघितली. "हे कच्चं आहे. तू घाई केली."

राखी उभीच होती. चार वर्षांत कुणी तिला एवढं बोललं नव्हतं. यावर रडायचं की हसायचं, तिला ठरवता येईना. सासूबाईंनी रिकामी ताटली पुढे केली, आणि पुन्हा वाढायला सांगत आहेत की घासायला नेऊन ठेवायला, हेही तिला कळलं नाही. तिने सुरी उचलली आणि आणखी एक तुकडा कापला.